बाटलीचं वजन

१

दर रविवारी सकाळी घरात बुद्धवंदना झाली की मी मागच्या टिनाच्या शेडमध्ये जात असे. गाडीचं बोनेट उघडायचं, ऑइल बघायचं, इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचं, चाकांत हवा मारायची आणि शेवटी बाटलीचं वजन करायचं. तीन वर्षं यात खंड पडला नव्हता. माझी बायको पार्वताबाई म्हणायची, डोळे तपासायला जायला तुम्हाला सवड होत नाही, पण रविवारचं हे काही चुकत नाही.

गाडी माझ्या मुलाची, जीवनची. जुनी पांढरी एस्टीम. मी एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक होतो. गाडी माणसं घेऊन निघाली की ती नीट पोचली पाहिजे, एवढंच मी शिकलो. जीवननं मोहाडीत स्वतःचं गॅरेज टाकलं आणि त्याला वेड लागलं ते गाडी पळवण्याचं. सरळ रस्ता, पाव मैल, उभ्या जागेवरून सुटायचं आणि घड्याळ बघायचं. विमानाच्या धावपट्टीवर अशा शर्यती होतात, तिथं तो दोनदा जाऊनही आला होता.

इंजिनचं काम तसं साधं असतं. पेट्रोल आणि हवा आत ओढायची, दाबायची, पेटवायची. जितकं जास्त दाबाल तितका जोर जास्त. ही गाडी मुळात नऊपट दाबायची. जीवननं हेड घासून घेतलं, वेगळे पिस्टन टाकले आणि दाब बारापटीच्या वर नेला. मग त्याला नायट्रस ऑक्साइडची बाटली लावली. मागची सीट काढून टाकली आणि ड्रायव्हरच्या बरोबर पाठीमागे ती निळी बाटली पट्ट्यांनी आवळून बसवली. बटण दाबलं की तो गॅस इंजिनात जातो, तिथल्या आगीनं फुटतो आणि जास्तीचा ऑक्सिजन देतो. इंजिनला जणू आणखी एक छाती मिळते. पण दाब आधीच वाढवलेला, त्यात हा गॅस. म्हणजे दोन हट्टी माणसं एका घरात. ठिणगी थोडी आधी पडली किंवा पेट्रोल थोडं कमी पडलं, तर पिस्टनला भोक पडतं. आधी आवाज येतो, लोखंडावर लोखंड मारल्यासारखा, टकटक. त्याला नॉकिंग म्हणतात. तो कानावर येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

बाटलीत गॅस किती उरला हे दाबाच्या घड्याळावर खरं कळत नाही, वजनावर कळतं. ही बाटली रिकामी असताना सहा किलो आठशे ग्रॅम भरायची. जीवननं शेवटचं वजन केलं तेव्हा पांढऱ्या पट्टीवर मार्करनं लिहून ठेवलं होतं, ७.४. ते एकवीस सालच्या फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये तो गेला. दवाखान्यांत सगळीकडे जागा भरलेल्या होत्या, म्हणून घरीच होता. अकरा दिवस ऑक्सिजनवर. सिलेंडर मिळाला होता, वेळेवर मिळाला होता, डॉक्टर रोज येऊन जात होते. कोणाची चूक नव्हती. मी खाटेजवळ बसून सिलेंडरच्या काट्याकडे बघत असे. तो खाली येत जायचा, आम्ही सिलेंडर बदलायचो, तो पुन्हा खाली येत जायचा.

त्यानंतर त्याच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून हे रविवारचं काम. बाटली गळत तर नाही ना, एवढं बघायचं. तीन वर्षं काट्यावर सात किलो चारशेच दिसलं.

गेल्या मार्चच्या पहिल्या रविवारी काट्यावर सात किलो नऊशे दिसलं.

२

मी पहिल्यांदा काट्यावर संशय घेतला. पाच किलोचं लोखंडी वजन ठेवून पाहिलं, बरोबर पाच. काट्याखाली फरशी सपाट आहे का पाहिलं. बाटली पुसून पुन्हा ठेवली. सात नऊशे. मग सायकलच्या कॅरिअरला बांधून सुखरामच्या राइस मिलवर नेली. तिथं काटा मोठा आणि शिक्का मारलेला. सुखरामनं वजन केलं, आकडा वाचला आणि नेहमीचा गॅस सिलेंडर समजून म्हणाला की लवकर भरून घ्या, संपत आला असेल.

पुढच्या रविवारी आठ तीनशे.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. छप्पन सालच्या दीक्षेनंतर माझ्या वडिलांनी घरातल्या तसबिरी स्वतःच्या हातानं काढल्या. भूत, करणी, बाहेरचं, हे शब्द आमच्या घरात थट्टेतसुद्धा वापरले जात नाहीत. डेपोत ड्रायव्हर लोक बसच्या पुढं लिंबू-मिरची बांधायचे. मी ती सोडून बाजूला ठेवायचो आणि त्यांच्यासमोर ब्रेक तपासायचो. त्यामुळं वजन वाढतं म्हटल्यावर माझ्या मनात एकच विचार आला. कुणीतरी बाटली भरून आणतंय.

पण शेडची किल्ली माझ्या खिशात असायची. दुसरी किल्ली दीपमालाकडं, म्हणजे माझ्या सुनेकडं. ती तुमसरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवते, रोज बसनं येते-जाते. जीवनच्या गाडीची सगळी वायरिंग तिनंच केलेली. असा गॅस कुठं भरून मिळतो, हेही तिला माहीत होतं.

तिला विचारायला जीभ रेटली नाही. विचारायचं तरी काय, की नवऱ्याची बाटली तू गुपचूप भरतेस का?

एप्रिल लागला तशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. बाटली हाताला लोखंडासारखी लागत नव्हती. मार्चच्या गार सकाळी ती कोमट लागायची. एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये पाना हातात धरवत नव्हता, तेव्हा बाटली त्यापेक्षा गार लागायची. हातावर विसंबून चालत नाही, म्हणून मी कपाटातून थर्मामीटर काढलं, कोरोनाच्या वेळी आणलेलं. बाटलीच्या पोटाला टेकवून वर कापड गुंडाळलं आणि ते वाजेपर्यंत थांबलो.

अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

दुपारी दोन वाजता पुन्हा लावलं. टिनाखाली उभं राहवत नव्हतं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. थर्मामीटर बिघडलं असेल म्हणून ते स्वतःच्या काखेत लावलं. मला सत्त्याण्णव आठ होतं.

३

त्याच महिन्यात गोंदियाहून दीपमालासाठी स्थळ आलं. मुलगा शिक्षक, पहिली बायको वारलेली, मूल नाही. मीच चौकशी केली होती. बत्तीस वर्षांच्या पोरीनं आमच्या दोघांची औषधं आणत उरलेलं आयुष्य काढावं, हे मला मान्य नव्हतं. पार्वताबाईलाही नव्हतं, जरी ते बोलताना तिचा आवाज जड व्हायचा. मुलगा घरी येऊन भेटून गेला. चांगला वाटला. जीवनच्या फोटोसमोर चपला काढून उभा राहिला.

दीपमाला नाही म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात पाणी मारून माझ्यासमोर येऊन बसली. इकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात.

"मामाजी, मले एकदा ती गाडी चालवू द्या. पुरी, बाटलीसकट. मंग तुम्ही म्हणाल तिथं जाते."

मी तिला समजावलं. इंजिन तीन वर्षं नुसतं गुणगुणलंय, जोरात पळालेलं नाही. बारापट दाब आणि वरून तो गॅस, ही जोडी एकही चूक माफ करत नाही. ती सगळं ऐकून म्हणाली की ठिणगीचं टायमिंग चार डिग्री मागं घेऊ, थंड रेंजचे प्लग टाकू, नागपूरवरून चांगलं पेट्रोल आणू आणि गॅस कमी सोडणारा छोटा जेट लावू. हे सगळं तिला जीवननं शिकवलं होतं, आणि जीवनला थोडंफार मी.

मी एवढंच म्हणालो की चार नाही, सहा डिग्री.

मग महिनाभर आम्ही दोघं शेडमध्ये काम करत होतो. ती आयटीआयमधून आली की हातपाय धुऊन, जीवनचा जुना शर्ट अंगावर घालून यायची. आम्ही प्लग बदलले, रबरी होस-पाइप बदलले, इंजेक्टर साफ केले. ती वायरी तपासताना हळू आवाजात स्वतःशी रंग म्हणायची, लाल, काळी, पिवळी-हिरवी. कधीकधी ती मध्येच थांबायची आणि मान वळवून मागं बघायची, जिथं बाटली होती तिथं. मी विचारलं तर म्हणायची, काही नाही.

त्या महिन्यात मी इतका समाधानी होतो की त्याची मला लाज वाटायची.

४

मे महिन्यात आमच्याकडं दुपारी कोणी बाहेर पडत नाही. दारं लावून, कूलरपुढं चटई टाकून सगळे पडून राहतात. अशाच एका दुपारी मला जाग आली तर पार्वताबाई चटईवर नव्हती. स्वयंपाकघरातही नव्हती. शेडचं दार अर्धवट उघडं दिसलं, माझ्या खिशातली किल्ली कुलपाला लटकत होती.

ती गाडीजवळ पाट टाकून बसली होती. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि ती त्या दाराला पाठ लावून तांदूळ निवडत होती. टिन उन्हानं तडतड वाजत होतं. मी म्हणालो की इथं भट्टी पेटलीय, आत चल, चक्कर येऊन पडशील.

"इथं बरं वाटते," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ गेलो आणि थांबलो. शेडच्या दारात अंग भाजत होतं. तिच्याजवळ, बाटलीपासून हातभर अंतरात, तसं नव्हतं. गार म्हणता येणार नाही. झोपलेल्या माणसाशेजारी पांघरुणात असतं तेवढंच.

तिला मी वजनाबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. थोड्या वेळानं सूप उचलून ती घरात गेली. जाताना बारदान्याचा ओला तुकडा बाटलीवर नीट केला. तो दीपमाला घालते असं मला वाटत होतं, पण तो हिनंच घातलेला होता, आणि आजच नव्हे. त्याच्या पाण्याचे डाग गाडीच्या पत्र्यावर जुने दिसत होते.

मी एकटा उरलो. डेपोत आम्ही इंजिन ऐकायचो ते लांब पेचकसानं. टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आतला प्रत्येक आवाज वेगळा होऊन येतो. मी पेचकस घेतला, बारदाना सरकवला, टोक बाटलीला लावलं आणि कान मुठीवर ठेवला.

बंद बाटलीत गॅस दबून द्रव झालेला असतो. हलवली नाही तर त्याचा आवाज होत नाही. टिनाची तडतड पत्र्यातून येत असेल, कूलरची घरघर जमिनीतून येत असेल, माझ्या कानातलं रक्त मला ऐकू येत असेल. हे सगळं मी एकेक करून वजा केलं. कूलर बंद करून आलो. छाती शांत होईपर्यंत थांबलो. मग पुन्हा ऐकलं.

आत ओढलं जात होतं. थांबत होतं. मग सोडलं जात होतं, एका बारीक शिट्टीसकट. मग बराच वेळ काही नाही. इतका वेळ की मी पेचकसाची मूठ घट्ट धरून मनात म्हणत होतो, घे, घे रे, घे. आणि मग पुन्हा आत ओढलं जात होतं.

हे मी अकरा दिवस ऐकलेलं होतं.

५

रविवारी बाटली अकरा किलो दोनशे भरली. अशी बाटली पूर्ण भरते अकरा तीनशेला. त्यापुढं, आणि तेही अशा उन्हाळ्यात, तिच्या वाल्वमधली सुरक्षेची चकती फाटू शकते. आता गप्प राहणं म्हणजे निष्काळजीपणा झाला असता. संध्याकाळी दीपमाला आली तशी मी तिला शेडमध्ये बोलावलं. बोलायच्या आधी तीच बोलली.

"मामाजी, बाटली तुम्ही भरून आणून राहिले का?"

मी म्हणालो की मला वाटलं, तूच आणतेस. तिनं पर्समधून एक छोटी वही काढली. तीही वजन करत होती, दर गुरुवारी, मी बाजारात गेलो की. तिचे आकडे माझ्या आकड्यांच्या मधोमध बसत होते. मला बरं वाटावं म्हणून मी भरतोय, असं तिला वाटलं होतं. ती जाऊ नये म्हणून भरतोय, असंही एकदा वाटून गेलं होतं. हे सांगताना तिनं खाली बघितलं.

मग मी मेकॅनिकनं करायचं तेच केलं. बाटली अंगणात आणली आणि वाल्व केसभर उघडला. गाड्यांसाठीच्या या गॅसमध्ये मुद्दाम गंधकाचा उग्र वास घातलेला असतो, कोणी हुंगू नये म्हणून. मला तो वास माहीत होता, तिलाही.

तो वास आला नाही. ओव्याचा वास आला. गरम पाण्यात ओवा आणि निलगिरी टाकून, डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ घ्यायला बसल्यावर येतो तो. मी वाल्व बंद केला.

ही बाटली शेतात नेऊन मोकळी करायची, हे मी बोलून दाखवलं. अक्कल तेच सांगत होती. दीपमालाला ते पटलं नाही. ती म्हणाली, "अशी हवेत सोडून द्यायची? मामाजी, तुमच्यानं होईल का?"

मी खरंच वाल्ववर हात ठेवून पाहिलं. होत नव्हतं.

आत काय आहे हे माहीत नाही, आणि ते बारापट दाबाच्या इंजिनात घालायचं. डेपोत असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याच्या हातातला पाना काढून घेतला असता. मी म्हणालो की मग मागं मी बसणार, बाटलीजवळ, वाल्व माझ्या हातात. टकटक ऐकू आली की त्या क्षणी बंद करणार. ती हो म्हणाली.

६

मोहाडीबाहेरून नवा रस्ता होतोय. सिमेंटचा, अजून सुरू न झालेला. तिथल्या सुपरवायझरचं जीवनच्या गॅरेजमध्ये येणंजाणं होतं, त्यानं हरकत घेतली नाही. दुपारी एक ते तीन मजूर कामावर नसतात, दूर मोहाच्या झाडाखाली झोपतात. ती वेळ ठरली.

आम्ही गाडी हळूहळू नेली. पार्वताबाई दारापर्यंत आली. तिनं मागच्या खिडकीतून आत हात घालून बारदाना काढून घेतला. बाटलीवर एकदा तळवा ठेवला आणि घरात गेली.

रस्ता पांढराशुभ्र, पुढं उन्हात पाण्यासारखा हलणारा. दोन्ही बाजूला धानशेतांच्या मोकळ्या बांध्या, पक्षी नाही, वारा नाही. दीपमालानं पट्टा बांधला. मी मागं पत्र्यावर जाड गोधडी टाकून बसलो, पाय दोन्ही बाजूला रोवले आणि वाल्व पूर्ण उघडला. दाबाच्या घड्याळाचा काटा नऊशेवर होता. अशा उन्हात तो कितीतरी वर जायला हवा होता.

ती म्हणाली, "सोडू का?"

मी सोड म्हणालो.

गाडी सुटली. पहिला गिअर, दुसरा. मी मागं फेकला गेलो, पण हात वाल्ववरच होते. इंजिनचा आवाज चढत गेला, स्वच्छ, भरलेला. तिसरा गिअर पडला आणि तिनं बटण दाबलं.

आवाज वाढायला हवा होता. तो थांबला. गाडी पुढं जात होती, झाडं मागं पडत होती, मी मागच्या पत्र्यावर दाबला जात होतो, आणि इंजिनचा आवाज नव्हता. त्या जागी एक श्वास होता. आत ओढला जाणारा. खूप दिवस पाण्याखाली राहिलेलं कोणी वर येऊन घेईल तसा, संपतच नव्हता. घड्याळाचा काटा सरळ खाली येत होता. या जेटनं भरलेली बाटली संपायला तीन मिनिटं तरी लागतात. काटा आठशे, सहाशे, चारशे.

आणि मग टकटक ऐकू आली.

एक. दोन. चौतीस वर्षांत ऐकलेली, चूक व्हायला जागा नाही. पुढच्या दोन सेकंदांत पिस्टन जाणार होता, आणि गाडी शंभराच्या वर होती, आणि स्टिअरिंगवर दीपमाला होती. माझे हात वाल्व फिरवायला लागले.

गॅस जातो तेव्हा नळीवर बर्फ धरतो. ते मला माहीत होतं. नळीवरचा पांढरा थर मी बघत होतो. तो नळीवरून तिच्या सीटच्या पाठीवर चढला. नळी तिथून जात नव्हती. सीटच्या कडेवरून तो वर आला, तिच्या शर्टावर, दोन्ही खांद्यांवर एकाच वेळी. आणि तिथं थांबला. मी आता सांगतो ते एवढंच पाहिलं, आणि डोळा मिटून उघडायला लागतो तेवढाच वेळ पाहिलं. उजव्या खांद्यावर पाच बोटं होती. डाव्या खांद्यावर चार होती आणि करंगळी अर्धी. गॅरेज टाकलं त्या वर्षी फॅन बेल्टमध्ये जीवनची डावी करंगळी अर्धी गेली होती.

ते हात तिला ओढत नव्हते. नुसते ठेवलेले होते.

मी वाल्व फिरवायचा थांबलो. का थांबलो ते मला अजून नीट सांगता येत नाही. टकटक बंद झाली. काटा शून्यावर आला. एकदम इंजिनचा आवाज परत आला, साधा, एका जुन्या गाडीचा, आणि दीपमालानं पाय उचलला.

७

दीपमालाचं लग्न जूनमध्ये झालं. गोंदियाला ती बरी आहे, तिथून येऊन-जाऊन नोकरी करते, दर आठवड्याला पार्वताबाईला फोन करते. बाटली त्या दिवसापासून सहा किलो आठशे भरते. हाताला लोखंडासारखी लागते, सकाळी गार, दुपारी गरम. इंजिन उघडून पाहिलं, चारही पिस्टन नव्यासारखे होते. पार्वताबाई आता दुपारी कूलरपुढं झोपते. मी तिला विचारलं नाही, तिनं मला सांगितलं नाही.

त्या दुपारचं एवढंच सांगायचं राहिलं.

गाडी थांबली तेव्हा दीपमालानं चावी फिरवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. इंजिनचं लोखंड थंड होताना टिकटिक करतं, ती चालू होती. तिच्या शर्टाचे दोन्ही खांदे ओले होते. ती रडत नव्हती. आरशातही बघत नव्हती.

"मामाजी," ती म्हणाली, "मी बटण दाबलं तवा तुम्ही मागून माझे खांदे धरले होते?"

मी आयुष्यात एकाही नादुरुस्त गाडीच्या कागदावर सही केली नाही. घरात, डेपोत, कोर्टात एकदा साक्षीला गेलो तिथं, जे पाहिलं तेच बोललो. तिला अजून एक आयुष्य जगायचं होतं, गोंदियात, एका चांगल्या माणसाबरोबर.

"हो बेटा," मी म्हणालो. "भेव वाटलं मले."

तिनं ओल्या खांद्याला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "गरम होते हात."

ती खाली उतरली, मागचं दार उघडून माझ्याजवळ आली. माझे दोन्ही हात वाल्वच्या पितळेला चिकटलेले होते. तळव्यांची कातडी पांढरी पडली होती, बोटं वाकत नव्हती, मला ती जाणवतही नव्हती. तिनं त्या हातांकडं बघितलं. पाण्याची कॅन घेतली आणि हळूहळू ओतत एकेक बोट सोडवलं. मग रस्त्याच्या कडेला मला बसवून, माझे हात आपल्या दोन्ही हातांत धरून, त्यांना रंग येईपर्यंत ती चोळत बसली.